थायरॉइडची गोळी बदलताना

आज कोणत्याही चार घरांत चौकशी केली, तर थायरॉइडची गोळी घेणारे एखादे माणूस निघतेच. देशातील आठ शहरांत केलेली एक पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. तीत शंभर प्रौढांमागे सुमारे अकरा जणांत या ग्रंथीचे काम मंद झालेले आढळले. त्यांत स्त्रियांचे प्रमाण अधिक होते. सकाळी उपाशीपोटी एक बारीक गोळी, एवढाच उपचार. म्हणूनच या गोळीकडे आपण फारशा गांभीर्याने पाहत नाही. मी डॉक्टर नाही, बँकेतला कारकून आहे. परंतु आमच्याच घरात घडलेल्या एका प्रसंगामुळे जे वाचावे आणि विचारावे लागले, ते समाजबांधवांपुढे व विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहे.

माझी मावसबहीण, आम्ही तिला आक्का म्हणतो, बरीच वर्षे अमेरिकेत आहे. मावशीचे खुब्याचे हाड मोडले म्हणून ती तीन महिन्यांसाठी कोल्हापूरला आली. मुक्काम लांबला आणि तिच्या गोळ्या संपल्या. तिची गोळी डुकराच्या वाळवलेल्या थायरॉइड ग्रंथीच्या भुकटीची होती; दिवसाला दोन ग्रेन, म्हणजे १२० मिलिग्रॅम. इथल्या दुकानांत ती मिळेना. मावशीलाही थायरॉइड असल्यामुळे घरात तिच्या १०० मायक्रोग्रॅमच्या गोळ्या होत्या. आक्काने हिशेब केला, "माझी एकशेवीसची, आईची शंभरची. विसाचाच तर फरक!" आणि तिने तीच गोळी सुरू केली.

दोन महिन्यांत तिचा चेहरा सुजला, आवाज जड झाला. मे महिन्यात ती अंगावर शाल घेऊन बसू लागली. आम्हाला वाटले, आईची रात्रंदिवस सेवा करून थकली असेल. शेवटी रक्त तपासले, तेव्हा टी.एस.एच. कितीतरी पटीने वाढलेले निघाले. डॉक्टरांनी दोन्ही औषधांची माहिती विचारली आणि चूक कुठे झाली ते एका वाक्यात सांगितले : आक्काचे १२० हे भुकटीचे वजन होते, मावशीचे १०० हे प्रत्यक्ष संप्रेरकाचे.

दोन औषधे, एकच काम

गळ्यातील थायरॉइड, म्हणजेच अवटू ग्रंथी, मुख्यतः दोन संप्रेरके तयार करते. एकात आयोडिनचे चार अणू असतात, ते टी-फोर. दुसऱ्यात तीन असतात, ते टी-थ्री. टी-फोर हा शरीराचा साठा आहे. यकृत, मूत्रपिंड आदी अवयव त्यातला एक अणू काढून गरजेप्रमाणे टी-थ्री बनवितात, आणि खरे काम टी-थ्री करते.

१८९१ साली इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे डॉ. जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून एका स्त्रीला बरे केले. ती पुढे २८ वर्षे जगली. तेव्हापासून अनेक दशके प्राण्यांच्या ग्रंथी हाच उपचार होता. १९१४ साली एडवर्ड केंडाल यांनी टी-फोर शुद्ध स्वरूपात वेगळे केले, तर १९२७ साली हॅरिंग्टन व बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत बनविले. आपल्याकडे आज मिळणारी लेव्होथायरॉक्सिनची गोळी याच मार्गाने आली. तिच्यातील टी-फोर आणि आपल्या ग्रंथीतील टी-फोर यांत रेणूचाही फरक नाही. म्हणून 'नैसर्गिक ते चांगले, रासायनिक ते वाईट' हा वाद येथे टिकत नाही.

फरक गूळ आणि साखरेसारखा आहे. गुळाची प्रत गुऱ्हाळागणिक बदलते, साखरेचा दाणा सगळीकडे सारखा. वाळवलेल्या ग्रंथीत टी-फोर व टी-थ्री दोन्ही असतात, पण टी-थ्रीचे प्रमाण माणसाच्या ग्रंथीपेक्षा बरेच जास्त असते, आणि प्रत सारखी ठेवणे अवघड असते. ही औषधे अमेरिकेत रीतसर मंजुरीविना विकली जात आल्याचे तेथील अन्न व औषध प्रशासनाने २०२५ साली उत्पादकांना कळविले.

हिशेब कुठे चुकतो

एका ग्रेनच्या, म्हणजे ६० मिलिग्रॅमच्या गोळीत सुमारे ३८ मायक्रोग्रॅम टी-फोर आणि ९ मायक्रोग्रॅम टी-थ्री असते. टी-थ्री अधिक जोरकस असल्याने एक ग्रेन हा लेव्होथायरॉक्सिनच्या साधारण ८८ ते १०० मायक्रोग्रॅमच्या तोडीचा धरतात. म्हणजे आक्काला पावणेदोनशेच्या आसपास हवे होते आणि ती शंभरच घेत होती. डॉलर आणि रुपयाचा आकडा जुळला म्हणून रक्कम जुळत नाही, तसेच हे.

शिवाय हा दर केवळ आरंभाचा अंदाज आहे. टी-फोर निम्मे होण्यास सुमारे सात दिवस लागतात, टी-थ्रीला साधारण एकच दिवस. म्हणून भुकटीवरून लेव्होथायरॉक्सिनवर येताना टी-थ्री लगेच उतरते, पण टी-फोरची पातळी स्थिरावण्यास पाच-सहा आठवडे जातात. मधल्या काळात मरगळ वाटू शकते. याच कारणाने रक्ताची तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करतात. उलट दिशेने जाताना धोका वेगळा. गोळीनंतर काही तासांत टी-थ्री एकदम चढते, त्यामुळे छातीत धडधड होऊ शकते. वृद्धांनी व हृदयरोग्यांनी येथे फार जपावे. गर्भवतीला तर लेव्होथायरॉक्सिनच देतात, कारण गर्भाच्या मेंदूच्या वाढीला आईचे टी-फोर लागते.

"मला त्याच गोळीने बरे वाटते"

आक्काचे हे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेले होते. ते बरोबर नव्हते. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ७० रुग्णांना, कोणती गोळी आहे हे न सांगता, दोन्ही औषधे आळीपाळीने १६ आठवडे दिली. लक्षणांत लक्षणीय फरक पडला नाही. तरी ३४ जणांनी भुकटीची गोळी पसंत केली, १३ जणांनी लेव्होथायरॉक्सिन, आणि २३ जणांना दोन्ही सारख्याच वाटल्या. म्हणजे रुग्णाचा अनुभव ऐकला पाहिजे, पण त्याबरोबर तपासणीही केली पाहिजे. कालाम सुत्तातील शिकवण याहून वेगळी काय आहे?

'डुकराचे औषध आपण कसे घ्यायचे?' असेही एका वडीलधाऱ्यांनी विचारले. महावग्गातील भेसज्जक्खन्धकात आजारी भिक्खूंना डुकराच्या चरबीचीसुद्धा औषध म्हणून मुभा आहे. बाबासाहेब मधुमेहासाठी इन्शुलिन घेत. त्या काळी तेही गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातूनच मिळे. आपल्यापुढे प्रश्न विटाळाचा नाही, औषध नेमके व नियमित मिळण्याचा आहे.

लक्षात ठेवावे असे

औषध संपण्यापूर्वी महिनाभर आधी डॉक्टरांना भेटावे. जुन्या औषधाची बाटली व मागचे अहवाल सोबत न्यावेत. दुसऱ्याची गोळी घेऊ नये आणि आपली मनाने बंद करू नये. गोळी पाण्याबरोबर घ्यावी, चहा अर्ध्या ते एक तासाने. कॅल्शियम व लोहाच्या गोळ्या चार तासांच्या अंतराने घ्याव्यात. भुकटीच्या गोळीवर टी-फोर कमी दिसू शकते. तेवढ्यावरून मात्रा वाढवू नये, टी.एस.एच. पाहावे. तपासणीच्या दिवशी गोळी रक्त दिल्यानंतर घ्यावी.

आक्काची मात्रा डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने वाढविली. दुसऱ्या तपासणीत आकडा जागेवर आला आणि तिचा आवाज पुन्हा पूर्वीसारखा झाला. भगवान बुद्धांनी आनंदाला सोबत घेऊन आजारी भिक्खूला स्वतः स्नान घातले, हे आपण विहारात ऐकतो. घरातले माणूस उन्हाळ्यात शाल पांघरून बसले, तर ते का, एवढे विचारणे हीसुद्धा रुग्णसेवाच आहे. आम्ही ते दोन महिने उशिरा विचारले.