पालकांच्या पश्चात निवास : बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांचा प्रश्न

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या शिक्षणासंबंधी आपल्या देशात गेल्या काही दशकांत बरेच कार्य झाले. ही मुले प्रौढ होतात, त्यांचे आईवडील वृद्ध होतात आणि एके दिवशी घरातील तो आधारही नाहीसा होतो. या अवस्थेचा विचार मात्र नियोजनात फारसा झालेला नाही. ‘आमच्यानंतर याचे काय?’ हा प्रश्न पालकांच्या प्रत्येक बैठकीत निघतो. २०११ च्या जनगणनेत ‘मतिमंदत्व’ या वर्गात सुमारे १५ लाख व्यक्तींची नोंद झाली. घरातील अशा व्यक्तीची माहिती प्रगणकास सांगण्यात वाटणारा संकोच लक्षात घेता हा आकडा कमीच मानावा लागेल.

प्रश्नाचे स्वरूप बदलले ते वैद्यकीय प्रगतीमुळे. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या आरंभी डाऊन संलक्षण असलेल्या व्यक्तींचे सरासरी आयुष्य पंचविशीच्या आसपास होते. आज ते साठीच्या घरात आहे. जन्मजात हृदयदोषांवरील शस्त्रक्रिया हे त्याचे एक प्रमुख कारण होय. म्हणजेच आता अनेक मुले पालकांच्या पश्चातही हयात असतील. शिवाय या वाढत्या आयुष्याबरोबर नव्या गरजा येतात. अपस्मार, अधू दृष्टी, चालण्यातील अडचण यांच्या जोडीला डाऊन संलक्षणात स्मृतिभ्रंश इतरांपेक्षा लवकर सुरू होण्याचा धोका असतो.

आजवर हा भार एकत्र कुटुंबाने उचलला, असे आपण अभिमानाने म्हणतो. वस्तुतः तो आईने, बहिणीने किंवा भावजयीने उचलला आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या कोणत्याही गणनेत त्या श्रमाची नोंद झाली नाही. कुटुंबे लहान झाली, स्त्रिया नोकरी करू लागल्या, तेव्हा हे विनामूल्य श्रम आटू लागले. मग पर्याय म्हणून समोर येते ते गावाबाहेरचे मोठे वसतिगृह. देणगीदारांनाही इमारत आवडते. तिच्यावर कोनशिला बसवता येते!

आधारयुक्त निवासाची कल्पना याहून वेगळी आहे. नेहमीच्या वस्तीतील साधे घर, त्यात चार-पाच रहिवासी आणि ज्याला जेवढी लागेल तेवढी मदत. कोणास औषधांची आठवण पुरते, कोणास स्नानापासून भोजनापर्यंत हात द्यावा लागतो. भारतात हे अगदी नवीन नाही. बंगळुरूमध्ये १९७० साली सुरू झालेल्या ‘आशा निकेतन’मध्ये अक्षमता असलेल्या व आधार देणाऱ्या व्यक्ती एकाच घरात राहू लागल्या. चेन्नईच्या ‘द बनियन’ या संस्थेने २०१५ पासून दीर्घकालीन मानसिक आजार असलेल्या स्त्रियांसाठी वस्तीतील भाड्याच्या घरांचा प्रयोग केला. तो गट निराळा असला, तरी निवारा आणि आधार या दोन भिन्न बाबी आहेत हे त्यातून स्पष्ट होते. निवारा भाड्यानेही मिळतो. खरा खर्च आधाराचा असतो.

या खर्चाचा एक ढोबळ हिशेब मांडता येईल. आठवड्याचे तास १६८. एक कर्मचारी ४८ तास काम करतो असे धरल्यास घरात सदैव एक माणूस असण्यासाठी साडेतीन आणि रजा लक्षात घेता चार कर्मचारी लागतात. प्रत्येकी मासिक वेतन १५,००० रुपये गृहीत धरले, तर खर्च ६०,००० रुपये. पाच रहिवाशांत विभागता प्रत्येकी १२,०००. यात भाडे, अन्न, औषधे धरलेली नाहीत. वेतन दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढल्यास पंचवीस वर्षांत हाच आकडा चौपटीहून अधिक होतो. आपल्या मागे मूल किती वर्षे जगेल, हे कोणाही पालकास ठाऊक नसते. त्यामुळे मध्यमवर्गीय बचतही येथे अपुरी पडते. एकट्या कुटुंबाला न पेलणारी अशी जोखीम सामूहिक विम्याच्या तत्त्वानेच वाटून घ्यावी लागते.

राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ ने या दिशेने पहिले पाऊल टाकले. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी स्थापन झालेल्या या न्यासास केंद्र सरकारने १०० कोटी रुपयांचा मूळ निधी दिला. त्याची ‘निरामय’ योजना एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा देते, तर ‘घरौंदा’ योजना १८ वर्षांवरील व्यक्तींच्या समूहगृहांसाठी आखलेली आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे कलम ५ समाजात राहण्याचा हक्क मान्य करते आणि विशिष्ट निवासव्यवस्थेची सक्ती नाकारते. कलम २४ मध्ये अधिक आधाराची गरज असणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे. परंतु ती शासनाच्या ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ आहे, आणि सारे अडते ते या तीन शब्दांत. इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेतील केंद्राचा वाटा ७९ वर्षांपर्यंत दरमहा ३०० रुपये असून तोही दारिद्र्यरेषेखालील आणि ८० टक्के अक्षमता असलेल्यांपुरता. वर काढलेल्या १२,००० शी त्याची तुलना करून पाहावी.

करसवलतीचा लाभ अर्थातच कर भरणाऱ्यांपुरता. तेथेही आयकर अधिनियम, १९६१ च्या कलम ८०डीडी खालील विमा योजनेतून मुलास वर्षासन मिळे ते पालकाच्या मृत्यूनंतरच. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ही अट रद्द केली नाही, मात्र तिचा फेरविचार करण्यास सरकारला सुचवले. वित्त अधिनियम, २०२२ ने पालकाच्या वयाच्या साठीनंतर, त्याच्या हयातीत वर्षासन घेण्याची मुभा दिली.

या दुरुस्तीचे महत्त्व रकमेहून अधिक आहे. आई गेल्याच्या आठवड्यात अनोळखी घरी नेलेल्या व्यक्तीवर दोन आघात एकदम होतात. तिला बोलता येत नसेल, तर तिच्या सवयी सांगणारेही कोणी उरत नाही. पालक हयात असताना आधी दोन रात्री, मग आठवडा, अशा रीतीने स्थलांतर घडवता आले, तर कोणते औषध कोणत्या घासाबरोबर घेते, अंधाराची भीती वाटते की गर्दीची, ही माहिती कर्मचाऱ्यांना आईकडूनच मिळते. शिवाय त्या व्यक्तीस ते घर पसंत नसेल, तर दुसरे शोधण्यास अवधीही राहतो.