छोट्या गाडीला ट्रेलर जोडायचाय? वेगळा ट्रान्समिशन कूलर लावला की भागतं का?

अमेरिकेत नोकरी बदलली की बऱ्याचदा शहरही बदलतं. न्यू जर्सीतून टेक्सास, टेक्सासमधून कॅलिफोर्निया. अशा वेळी तिथे नव्यानेच स्थिरावलेली मराठी जोडपीही एक हिशोब मांडून बघतात. सामान हलवणाऱ्या कंपनीला हजारो डॉलर मोजायचे, की आपल्याच छोट्या गाडीमागे भाड्याचा ट्रेलर लावून निघायचं?

यू-हॉलचा ४ बाय ८ फुटांचा बंद ट्रेलर रिकामा असतानाच ८५० पाउंडांचा, म्हणजे ३८५ किलोंचा असतो. सामानासकट त्याची मर्यादा १,८०० पाउंड, म्हणजे साधारण ८१६ किलो. आणि टोयोटा कोरोलासारख्या गाडीचं स्वतःचं वजन १,३०० किलोंच्या आसपास. म्हणजे स्वतःच्या निम्म्याहून जास्त वजन मागे बांधून गाडीने हजारो किलोमीटर जायचं.

इथे कुणीतरी सल्ला देतंच, "एक ट्रान्समिशन कूलर लावून घे, काही होत नाही." ५० ते १०० डॉलरचा सुटा भाग आणि घरच्या घरी शनिवारी दुपारी होणारं काम. सल्ला पूर्ण चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. आणि उरलेला अर्धा भाग माहीत नसेल, तर गिअरबॉक्सचा खर्च काही हजार डॉलरमध्ये जातो.

गिअरबॉक्स तापतो कशामुळे?

साध्या ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच प्लेट नसते, टॉर्क कन्व्हर्टर असतो. दोन पंखे समोरासमोर ठेवले आणि एक चालू केला, तर त्याच्या हवेने दुसराही फिरू लागतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये हेच होतं, फक्त हवेऐवजी तिथे तेल असतं. गाडी सपाट रस्त्यावर एका वेगात चालू असेल तेव्हा आतला लॉकअप क्लच दोन्ही बाजू घट्ट जोडून टाकतो आणि फारशी उष्णता तयार होत नाही.

पण मागे ८०० किलो असतील आणि समोर चढ असेल, तर लॉकअप सुटतो. एक पंखा जोरात फिरतोय, दुसरा मागे पडतोय, आणि मधलं तेल घुसळलं जातंय. इंजिनाची बरीचशी ताकद चाकांपर्यंत न पोचता तेल तापवण्यात जाते. त्यात गिअर सारखा खाली-वर होत राहिला, तर आतल्या क्लचच्या घर्षणाची भर पडते.

हे तेल, म्हणजे एटीएफ, बहुतेकदा लाल रंगाचं असतं. साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअसला ते खूश असतं. त्यापुढे त्याचं आयुष्य झपाट्याने घटतं. अमेरिकेतल्या गॅरेजमध्ये एक जुना ठोकताळा आहे: ८० अंशांच्या वर दर ११ अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं होतं. तो काही भौतिकशास्त्राचा नियम नाही, आणि आजची सिंथेटिक तेलं जास्त सोशीक आहेत. पण दिशा बरोबर आहे. १२० अंशांच्या पुढे तेल काळपट होऊन त्याचा चिकट थर आतल्या व्हॉल्व्हवर बसू लागतो, रबरी सील कडक होतात, क्लच घसरू लागतात. क्लच घसरले की उष्णता आणखी वाढते. हे चक्र एकदा सुरू झालं की तेल बदलून थांबेलच असं नाही.

गाडीत आधीच कूलर असतो, मग दुसरा कशाला?

बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांमध्ये गिअरबॉक्सचं तेल दोन पाइपांतून रेडिएटरपर्यंत जातं. रेडिएटरच्या एका टाकीत छोटी नळी बसवलेली असते, त्यातून तेल फिरतं आणि बाहेरच्या कूलंटला उष्णता देऊन परत येतं. व्यवस्था हुशार आहे, कारण थंडीत हेच कूलंट तेलाला गरमही करतं. मर्यादा एकच: तेल कूलंटपेक्षा थंड होऊ शकत नाही. चढावर कूलंटच १०० अंशांच्या आसपास पोचलं असेल, तर ते तेलाला काय थंड करणार?

नंतर बसवलेला कूलर इथे कामाला येतो. तो थेट बाहेरच्या हवेवर चालतो.

या रेडिएटरमधल्या नळीचं आणखी एक दुखणं अमेरिकेत चांगलंच गाजलं. २००५ नंतरच्या काही वर्षांतल्या निसान पाथफाइंडर, फ्रंटियर आणि एक्सटेरा गाड्यांत ही नळी तडकून कूलंट आणि तेल एकमेकांत मिसळायचं. मिश्रण गुलाबी, फेसाळ दिसायचं, म्हणून लोकांनी त्याला 'स्ट्रॉबेरी मिल्कशेक' नाव दिलं. नाव गोड, पण गिअरबॉक्स कायमचा संपायचा. प्रकरण कोर्टात गेलं आणि कंपनीला रेडिएटरची वॉरंटी वाढवावी लागली. त्यानंतर या गाड्यांच्या अनेक मालकांनी रेडिएटरमधली नळी बाजूला ठेवून फक्त बाहेरचा कूलर वापरायला सुरुवात केली.

तुमच्या गाडीत गिअरबॉक्स कुठला आहे?

खरं तर पहिला प्रश्न हाच असायला हवा. 'ऑटोमॅटिक' या एका शब्दाखाली चार वेगवेगळी यंत्रं विकली जातात.

टॉर्क कन्व्हर्टरवाली गाडी असेल, तर कूलरचा फायदा सरळ आहे. सीव्हीटी असेल, तर फायदा होऊ शकतो, पण काम अवघड होतं. आजच्या अनेक सीव्हीटीमध्ये रेडिएटरपर्यंत जाणारे तेलाचे पाइपच नसतात. गिअरबॉक्सवरच एक छोटा हीट एक्स्चेंजर बसवलेला असतो आणि कूलंट त्याच्याकडे येतं. तिथे पाइप कापून कूलर जोडण्याचा प्रश्नच येत नाही, त्या मॉडेलसाठी बनवलेला किट लागतो. शिवाय सीव्हीटीचं तेल वेगळं असतं. त्यात साधं एटीएफ ओतलं तर कूलर लावून जेवढं वाचवलं, त्याच्या कितीतरी पट गमावलं म्हणून समजा.

तिसरा प्रकार ड्राय क्लचवाल्या ड्युअल क्लच गिअरबॉक्सचा. अमेरिकेत फोर्ड फिएस्टा आणि फोकसमध्ये तो होता, भारतात फोक्सवॅगन पोलोच्या डीएसजीमध्ये. इथे तापतो तो कोरडा क्लच. त्याच्याभोवती तेलच नाही, तर तेलाचा कूलर कुणाला थंड करणार?

चौथा प्रकार भारतात सगळ्यांच्या ओळखीचा: एएमटी. २०१४ मध्ये मारुती सेलेरिओपासून तो इथे रुजला आणि आज वॅगनआर, स्विफ्टपासून टियागोपर्यंत दिसतो. एएमटी म्हणजे मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबण्याचं आणि गिअर टाकण्याचं काम मोटर करते. खंबाटकी किंवा कसारा घाटातल्या ट्रॅफिकमध्ये एएमटी गाडीतून जळका वास येतो, तो क्लच प्लेटचा. अमेरिकन व्हिडिओ बघून पुण्यातल्या गॅरेजमध्ये एएमटी गाडीला ट्रान्समिशन कूलर लावायला सांगितलं, तर शहाणा मेकॅनिक हसून परत पाठवेल. पाइप जोडायला जागाच नाही.

बसवताना लोक चुकतात कुठे?

कूलर घेताना चपट्या पत्र्यांच्या थरांचा घ्यावा. एकाच वाकवलेल्या नळीवर पातळ पट्ट्या बसवलेला कूलर स्वस्त असतो, पण तेवढ्याच जागेत उष्णता कमी फेकतो. त्याची जागा समोर, एसीच्या कंडेन्सरपुढे, जिथे ताजी हवा थेट लागते. बऱ्याच किटमध्ये रेडिएटरच्या जाळीतून आरपार घालायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या येतात. त्या सोयीच्या आहेत, पण वर्षभराच्या थरथरीत कूलर घासून कंडेन्सरला भोक पाडू शकतो. पत्र्याच्या पट्ट्या करून गाडीच्या सांगाड्याला बोल्टने धरणं जास्त मेहनतीचं, पण तेच टिकतं. तोंडं वर किंवा बाजूला ठेवायची, खाली ठेवली तर आत हवा अडकू शकते.

जोडणीचा नेहमीचा क्रम असा: गिअरबॉक्समधून गरम तेल आधी रेडिएटरमध्ये, तिथून नव्या कूलरमध्ये, आणि मग परत गिअरबॉक्समध्ये. म्हणजे कापायचा तो परतीचा पाइप. तो कुठला हे अंदाजाने ठरवू नये. त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो होज पाइपमध्ये. एटीएफसाठीच बनवलेला पाइप वेगळा मिळतो. दिसायला तसाच असलेला पेट्रोलचा किंवा पाण्याचा पाइप गरम एटीएफने फुगतो, मऊ होतो आणि एके दिवशी सुटतो. पंप तेल दाबाने फेकत असतो, त्यामुळे पाइप सुटला की काही मिनिटांत गिअरबॉक्स कोरडा पडतो. हायवेवर हे लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो. मूळ लोखंडी पाइप कापून त्यावर नुसता रबरी पाइप चढवणं हेही तसंच. कापलेल्या टोकाला कडा उठवून घ्यावी लागते, नाहीतर क्लॅम्प कितीही आवळला तरी पाइप सरकतो.

मग तेलाची पातळी. नवा कूलर आणि पाइप थोडं तेल पोटात घेतात, तेवढं वर घालावं लागतं. पूर्वी डिपस्टिक काढून बघता यायचं. आताच्या अनेक गाड्यांत ती नसते. तेल ठरावीक तापमानाला आणून, गाडी सपाट उभी करून, खालच्या बोल्टमधून बघावं लागतं. घरी जॅकवर तिरकी उभी केलेली गाडी इथे फसवते.

मिनेसोटासारख्या ठिकाणी उलटीच अडचण येते. तिथल्या हिवाळ्यात जास्तीचा कूलर तेल गरमच होऊ देत नाही, तेल घट्ट राहतं, लॉकअप उशिरा लागतो. अशा ठिकाणी थर्मोस्टॅटवाला बायपास बसवतात, म्हणजे तेल तापेपर्यंत ते कूलरला वळसा घालून परत येतं.

मग आता जास्त वजन ओढता येईल?

नाही. कूलर लावल्याने गाडीची अधिकृत ओढण्याची क्षमता एका किलोनेही वाढत नाही.

टोयोटाचंच उदाहरण बघा. २०१९ मध्ये आलेल्या आरएव्ही-४ च्या बहुतेक पेट्रोल मॉडेलची क्षमता अमेरिकेत १,५०० पाउंड होती, तर 'अ‍ॅडव्हेंचर' मॉडेलची ३,५०० पाउंड. इंजिन तेच. फरकात ट्रान्समिशन ऑइल कूलर होता, पण त्याच्यासोबत मोठा रेडिएटर आणि इंजिन ऑइलचा कूलरही होता, आणि कंपनीने त्या आकड्याची जबाबदारी घेतली होती. दुसऱ्या टोकाला होंडा फिट. अमेरिकेतल्या तिच्या मॅन्युअलमध्ये सरळ लिहिलं होतं की ही गाडी ट्रेलर ओढण्यासाठी बनवलेली नाही. तिला कुठलाही कूलर लावला तरी ब्रेक, सस्पेन्शन आणि मागचा सांगाडा तोच राहतो. चढ चढायला कूलर मदत करतो, उतारावर थांबायला नाही.

युरोपात मात्र फोक्सवॅगन गोल्फसारखी गाडी स्वतःचे ब्रेक असलेला १,३०० किलोंहून जड ट्रेलर कायदेशीरपणे ओढते. मग अमेरिकेतच नियम एवढे कडक का? एक कारण वेग. जर्मनीत ट्रेलरवाल्या गाडीला साधारणपणे ताशी ८० किलोमीटरची मर्यादा असते. अमेरिकेत लोक ट्रेलर घेऊन शंभरच्या पुढे जातात. तिथे ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हूकवर ठेवायला सांगतात, युरोपात त्याहून बराच कमी. हा भार छोट्या गाडीचा मागचा भाग दाबतो. शिवाय एसएई जे२८०७ या अमेरिकन मानकाप्रमाणे क्षमता ठरवताना अ‍ॅरिझोनातला डेव्हिस डॅमचा चढ धरला जातो: १८ किलोमीटरमध्ये सुमारे ९०० मीटर चढण, बाहेर किमान ३८ अंश आणि एसी पूर्ण जोरात.

वॉरंटीबद्दल एक गैरसमज दोन्ही बाजूंनी आहे. १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यामुळे बाहेरचा भाग लावला एवढ्याच कारणाने अमेरिकेत कंपनी वॉरंटी नाकारू शकत नाही. पण मॅन्युअलमध्ये मनाई असताना ट्रेलर ओढला आणि गिअरबॉक्स गेला, तर कंपनीला कूलरकडे बोट दाखवायची गरजच उरत नाही.

आधी तापमान तर बघा

कूलरवर पैसे घालण्याआधी २०-३० डॉलरचा ओबीडी स्कॅनर घ्यावा. डॅशबोर्डखालच्या सॉकेटमध्ये तो लावला की अनेक गाड्यांत गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान फोनवर दिसतं. मर्यादेतला ट्रेलर लावून जवळच्या चढावर एक फेरी मारली आणि आकडा १०० च्या आतच राहिला, तर कूलरची गरजच नाही. ११० च्या पुढे सरकत असेल, तर आहे.

आणि प्रवासातच आकडा १२० कडे जाऊ लागला, तर वेग कमी करून सुरक्षित जागी थांबायचं, गाडी पार्कमध्ये टाकायची, पण इंजिन बंद करायचं नाही. इंजिन चालू असेल तरच गिअरबॉक्सचा पंप फिरतो आणि तेल कूलरमधून जात राहतं. काही मिनिटांत आकडा खाली येतो. मग पुढचा चढ खालच्या गिअरमध्ये चढायचा.