कैद्याच्या घामाचा भाव कोण ठरवणार?

चोपडा तालुक्यात केळीची कापणी आणि कापसाची वेचणी एकदम अंगावर आली, की मजुरांचा विषय पारावर निघतोच. मग कोणीतरी हमखास म्हणतं, "भाऊ, जेलात एवढे लोक फुकट बसून खातात, त्यांना आणा ना नाला खोदायला! पाणंद रस्ताही होईल, सरकारचा पैसाही वाचेल." बोलणाऱ्याच्या मनात खोट नसते. पण हा हिशेब नीट मांडला, तर तो आपल्याच गावातल्या मजुराच्या अंगाशी येतो.

मुळात कैदी फुकट बसून खातात, हेच खरे नाही. सक्तमजुरीची शिक्षा झालेल्याला काम करावेच लागते, मग ते सुतारकाम असो, विणकाम असो की शेती. रिकामे बसलेले दिसतात ते बहुतेक कच्चे कैदी. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागे तीन कच्चे होते. त्यांच्यावरचा गुन्हा अजून शाबीत व्हायचा आहे, तेव्हा त्यांना कामाला जुंपता येत नाही. आणि तुरुंगात गेला तो चोर, असे निदान खानदेशाने तरी म्हणू नये. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते लिहून घेतले, तेही कैदीच होते.

कैद्यांकडून सार्वजनिक कामे करून घेण्याची रीत मात्र जुनी आहे. इंग्रजांनी चिनी व मलायी कैदी महाबळेश्वरला आणून ठेवले होते. तिथले रस्ते त्यांच्या हातचे. ते सक्तीचे काम होते, कैद्याला विचारतो कोण? स्वातंत्र्यानंतर वारे बदलले. १९५२ साली उत्तर प्रदेशात चंद्रप्रभा नदीवरच्या धरणाच्या कामावर कैद्यांचा खुला तळ उभा राहिला आणि त्यांना कामाची मजुरी मिळाली. आपल्याकडे १९६८ साली पैठणला खुले कारागृह निघाले, ते जायकवाडीच्या कामासाठी. निवडक, चांगल्या वर्तणुकीचे कैदी तिथे आणले गेले. त्यांच्याभोवती उंच भिंती नव्हत्या. धरण १९७६ मध्ये पुरे झाले. पुढे कैदी तिथेच शेती करू लागले. (आटपाडीच्या स्वतंत्रपूर वसाहतीवरून सुचलेला 'दो आँखें बारह हाथ' आपण डोळे पुसत पाहतो. पण त्याच कैद्याच्या मजुरीचा विषय निघाला की आपला हात खिशाकडे जात नाही.)

खरी मेख मजुरीतच आहे. सक्तमजुरीच्या कैद्यालाही कामाचा योग्य मोबदला दिला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या प्रकरणात २४ सप्टेंबर १९९८ रोजी सांगितले. त्याच्या जेवणखाणाचा खर्च वजा करा, काही भाग ज्याचे नुकसान झाले त्याच्यासाठी राखा, पण मोबदला द्या. प्रत्यक्षात काय घडते? महाराष्ट्राने २०२३ मध्ये दर वाढवले, तेव्हा अकुशल कैद्याला दिवसाला ५३ रुपये आणि कुशल कैद्याला ७४ रुपये ठरले. त्याच वर्षी आपल्या राज्यात रोजगार हमीचा दर २७३ रुपये होता. पोटाचा खर्च वजा धरला, तरी ही तफावत डोळ्यांत भरते.

आता नाल्याच्या कामावर ५३ रुपयांचा माणूस आणून उभा करा. ठेकेदार सातपुड्यातून उतरणाऱ्या पावरा मजुराला कशाला विचारील? आणि विचारलेच तर कोणत्या भावाने? आपला सालदार आखाजीला मालकासमोर बसून भाव ठरवतो. नाही पटले तर दुसऱ्याच्या दारी जातो. कैद्याला दुसरे दार नसते, म्हणून तो स्वस्त पडतो.

माणसाच्या अडचणीचा फायदा घेऊन किमान वेतनापेक्षा कमी देणे ही वेठबिगारीच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली राजस्थानातल्या दुष्काळी कामाच्या खटल्यात बजावले. बहात्तरच्या दुष्काळात ज्यांनी खडी फोडली, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. आमचे म्हणणे एवढेच, की कैद्याला बाहेर कामावर आणायचे तर त्याची राजीखुशी घ्या, त्याच्या नावावर गावच्या भावाने मजुरी जमा करा, आणि गावचा मजूर रिकामा असताना मुळीच आणू नका. काम वाटताना जात पाहण्याची सोयही आता राहिलेली नाही. तुरुंगात झाडलोट एका जातीला आणि स्वयंपाक दुसरीला, हा प्रकार ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालाने घटनाबाह्य ठरला.

ग्रामसेवक व सरपंचांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत 'सामुदायिक सेवा' ही नवी शिक्षा आली आहे. दारू पिऊन चारचौघांत धिंगाणा घालणे, पहिल्यांदाच केलेली पाच हजारांच्या आतली चोरी आणि माल परत केला, अशा किरकोळ गुन्ह्यांना ती देता येते. या कामाला मोबदला नाही. उद्या असा एखादा गडी शाळा झाडायला किंवा गटार साफ करायला आपल्या गावात आला, तर आधी न्यायालयाचा लेखी आदेश पाहावा आणि त्यात काम व मुदत काय लिहिली आहे ते वाचावे. त्याचे नाव रोजगार हमीच्या मस्टरवर चढवून पैसे उचलणारा महाभाग निघणार नाही, यावर नजर ठेवावी. आणि त्याला कोणाच्या शेतात निंदणीला नेता येणार नाही, मग ते शेत खुद्द सरपंचाचे का असेना.