नाव छापले नाही, ओळख मात्र उघडी पडली

‘तालुक्यातील एका गावची, कापसाच्या व्यापाऱ्याची थोरली मुलगी, शहरातल्या महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला शिकणारी तरुणी.’ गुन्ह्याच्या बातमीत अशी ओळ हमखास भेटते. कंसात ‘नाव बदलले आहे’ असे टाकले की नियम पाळल्याचे समाधान वार्ताहराला मिळते. मुंबई-पुण्याच्या गर्दीत एवढ्यावरून कोणी ओळखू येणार नाही. पण तेलंगणातल्या भैंशात? त्या गावचे कापसाचे व्यापारी दोन-तीन, आणि थोरली मुलगी कॉलेजात असलेला त्यांतला एकच. टपरीवर पेपर उलगडला की हातातला चहा संपायच्या आत मुलीचे नाव, तिचे घर आणि तिच्या ठरत आलेल्या सोयरिकीची चर्चा सुरू झालेली असते.

लोकांच्या खासगी आयुष्यात नाक खुपसणाऱ्या वृत्तपत्रांबद्दल जगभर चीड आहे. तिची चर्चा बहुधा लंडनच्या राजघराण्यापाशी आणि मुंबईच्या सिनेनट-नट्यांपाशी थांबते. पण या घुसखोरीची खरी किंमत मोजतो तो छोट्या गावातला साधा माणूस. नटाला वकील असतो, दुसऱ्या दिवशी पत्रकार परिषद घेता येते. व्यापाऱ्याच्या मुलीला त्याच गल्लीतून कॉलेजला जावे लागते.

चार भाषांचे गाव

भैंसा आज तेलंगणाच्या निर्मल जिल्ह्यात आहे. २०१६ पर्यंत ते आदिलाबाद जिल्ह्यात होते आणि जुनी माणसे अजूनही तोच जिल्हा सांगतात. त्याहीआधी ते नांदेडचे होते. १९५६च्या राज्य पुनर्रचना कायद्याने नांदेड जिल्ह्यातल्या मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडळे आंध्र प्रदेशात गेली. सीमा बदलली, पण सोयरिकी बदलल्या नाहीत. भोकर, धर्माबाद, उमरी, नांदेड या पट्ट्याशी लेकी-सुनांचे येणे-जाणे आजही चालू आहे. घरात मराठी, कचेरीत तेलुगू, बाजारात उर्दू आणि हिंदी, असा इथला दिवस. बातमीही या चारही भाषांतून फिरते. भोकरला निघालेली कुजबुज भैंशात यायला आणि भैंशातली बदनामी नांदेडला पोचायला छापखान्याची गरज लागत नाही; सोयरिकीची वाट पुरते. मग त्याच वाटेवर कोणी फोटो आणि पत्ता टाकून दिला, तर काय होत असेल याची कल्पना करावी.

पूर्वी हे काम चार पानी साप्ताहिके करीत. आता हातात बूम घेतलेला, स्वतःचा यूट्यूब चॅनेल काढलेला तरुण पोलीस ठाण्याच्या पायरीवर उभा असतो. चादरीने तोंड झाकलेल्या बाईच्या मागे तो कॅमेरा घेऊन धावतो आणि रात्री आठच्या आत तो तुकडा गावातल्या प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप गटात पोचतो. जुने खोडसाळ पत्र निदान रद्दीत जात असे. हा तुकडा पाच वर्षांनी, त्या बाईच्या मुलीच्या लग्नाच्या वेळीसुद्धा बाहेर काढता येतो.

हैदराबादेतले एक पत्रक

हे सगळे मोबाइलने आणले असे म्हणणे सोपे आहे, पण खरे नाही. भैंसा निजामाच्या राज्यात होते त्या काळात, एप्रिल १८९२मध्ये, राजधानी हैदराबादेत एक निनावी इंग्रजी पत्रक फिरू लागले. ते शहरातल्या प्रतिष्ठित स्त्रियांना उद्देशून लिहिलेले होते. निशाण्यावर होते मेहदी हसन हे वरिष्ठ अधिकारी आणि त्यांची पत्नी एलन गर्ट्रूड डॉनेली. मेहदी उत्तरेतून आलेले वकील, चढत चढत राज्याच्या गृहखात्याच्या सचिवपदापर्यंत पोचलेले. एलन भारतात जन्मलेल्या ब्रिटिश बाई. लंडनच्या दौऱ्यात या जोडप्याची राणी व्हिक्टोरियाशीही भेट झाली होती. एलन पूर्वी वेश्या होत्या, यांचे लग्न खोटे आहे आणि नवऱ्याने बढतीसाठी बायकोला पुढे केले, असे आरोप पत्रकात होते.

मेहदींनी पत्रकाचा मुद्रक म्हणून एस. एम. मित्रा यांच्यावर खटला भरला. ब्रिटिश रेसिडेन्सीच्या न्यायालयात तो महिनोन्‌महिने चालला. उत्तर हिंदुस्थानातून साक्षीदार आणले गेले आणि एका स्त्रीच्या तरुणपणाचा पंचनामा भर कोर्टात झाला. तिथले बोलणे वर्तमानपत्रांतून कलकत्त्यापासून लंडनपर्यंत पोचले. अखेर मित्रा सुटले, मेहदींचे पद गेले आणि ते जोडपे हैदराबाद सोडून निघून गेले.

दरबारातल्या गटबाजीत एका अधिकाऱ्याला पाडायचे होते. त्याचे निर्णय, त्याचा कारभार यांवर कोणाला बोट ठेवायचे होते तर ते उघड नावानिशी ठेवता आले असते. त्याऐवजी त्याच्या बायकोची अब्रू चव्हाट्यावर आणली गेली. सव्वाशे वर्षांनंतरही खोडसाळ बातमीची रीत बदललेली नाही. भांडण पुरुषांचे आणि फाटतो पदर घरातल्या बाईचा.

त्या पत्रकाच्या थोडेच आधी, डिसेंबर १८९०मध्ये, अमेरिकेत सॅम्युएल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या दोन वकिलांनी हार्वर्डच्या कायदेविषयक नियतकालिकात खासगीपणाच्या हक्कावर निबंध लिहिला. त्यामागे तेव्हाची चटोर वृत्तपत्रे आणि नव्याने आलेले झटपट फोटो काढणारे कॅमेरे होते. माणसाला त्याच्या घरात, त्याच्या दुःखात एकट्याने राहू देण्याचा हक्क कायद्याने मानला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. यंत्रे बदलली, पण ते म्हणणे तसेच लागू आहे.

राग आणि खप

राग येतो हे खरे. पण त्या रागाचा हिशेब मांडला की एक अडचणीची गोष्ट समोर येते. हीच पाने आपण विकत घेत आलो आहोत.

१९५९ साली मुंबईत कमांडर नानावटी खटला गाजला. नौदलाच्या अधिकाऱ्याने पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घातल्या होत्या. रुसी करंजिया यांच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने नानावटींची बाजू इतकी उचलून धरली की पंचवीस पैशांचा अंक दोन रुपयांना विकला जाऊ लागला. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने निर्दोष ठरवलेल्या नानावटींना उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली आणि १९६१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. या धुमाळीत एका संसाराची सगळी लक्तरे छापून आली. त्या संसाराच्या खासगीपणासाठी रस्त्यावर कोणी उतरले नाही. अंकासाठी मात्र रांगा लागल्या.

ब्रिटनमध्ये उलटे घडले, पण फार उशिरा. ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ हे १८४३पासून चाललेले रविवारचे पत्र तिथल्या सर्वाधिक खपाच्या पत्रांपैकी होते. नट, खेळाडू, राजपुत्र यांचे फोन चोरून ऐकले जातात अशी कुणकुण अनेक वर्षे होती. लोक नाक मुरडत आणि पेपर घेत. मग जुलै २०११मध्ये ‘द गार्डियन’ने उघड केले की २००२ साली बेपत्ता होऊन खून झालेल्या तेरा वर्षांच्या मुलीचा व्हॉइसमेलसुद्धा या पत्राच्या माणसांनी चोरून ऐकला होता. तिचे संदेश त्यांनीच पुसले, हा त्या बातमीतला भाग पुढे टिकला नाही. पण चोरून ऐकल्याचे खरे ठरले. देश खवळला. लोकांनी जाहिरातदार कंपन्यांना जाब विचारायला सुरुवात केली आणि कंपन्या भराभर जाहिराती काढून घेऊ लागल्या. बातमी फुटल्यापासून आठवड्याच्या आत, १० जुलैला, १६८ वर्षांच्या पत्राचा शेवटचा अंक निघाला. माजी संपादक अँडी कूलसन यांना २०१४मध्ये तुरुंगवास झाला. मात्र मालक रूपर्ट मरडॉक यांनी फेब्रुवारी २०१२मध्येच ‘द सन’ची रविवार आवृत्ती काढली आणि ती खपलीही. पाटी बदलली, दुकान चालू राहिले.

लिव्हरपूल शहराने मात्र वेगळा मार्ग धरला. १९८९मध्ये हिल्सबरोच्या मैदानावर चेंगराचेंगरीत त्या शहराच्या संघाचे ९७ चाहते मेले. चौथ्या दिवशी ‘द सन’ने चाहत्यांनी मृतांचे खिसे कापले अशा खोट्या गोष्टी पहिल्या पानावर छापल्या. शहराने तो पेपर घेणे बंद केले. वर्ष-दोन वर्षे नव्हे, ते आजही चालू आहे; तिथले कितीतरी विक्रेते तो पेपर ठेवतच नाहीत. त्या शहराने धडा दिला तो हा की एका आठवड्याच्या संतापापेक्षा पिढ्यान्‌पिढ्यांचा नकार मालकाला जास्त कळतो.

मुंबई, हैदराबाद आणि न्यायालये

आपल्याकडचा मोठा संताप २०२०चा. अभिनेता सुशांतसिंह राजपूतच्या मृत्यूनंतर वाहिन्यांनी अभिनेत्री रिया चक्रवर्ती यांचे खासगी व्हॉट्सअ‍ॅप संवाद पडद्यावर वाचून दाखवले. चौकशीला जाताना त्यांना कॅमेऱ्यांच्या गराड्यात अक्षरशः रेटले गेले. त्यांच्या इमारतीत आलेल्या टपालवाल्याच्या मागेही बूम धावले. मुंबईचे माजी पोलीस आयुक्त एम. एन. सिंग यांच्यासह आठ निवृत्त पोलीस अधिकारी मुंबई उच्च न्यायालयात गेले. १८ जानेवारी २०२१ रोजी मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी यांनी निकाल दिला. तपास चालू असताना आरोपीच्या चारित्र्यावर निवाडे करू नयेत, कबुलीजबाब छापू नयेत, आत्महत्येच्या बातमीत मृताच्या खासगीपणात शिरू नये, अशा मर्यादा त्यांनी घालून दिल्या आणि प्रेस कौन्सिलचे निकष वाहिन्यांनीही पाळावेत असे बजावले. मार्च २०२५मध्ये सीबीआयने तपास बंद करण्याचा अहवाल दिला. पाच वर्षांपूर्वी ज्यांनी रोज रात्री फाशी सुनावली होती, त्यांना त्यासाठी किती मिनिटे सापडली?

तेलंगणाने २०१९च्या नोव्हेंबरात याहून दुखरा अनुभव घेतला. शमशाबादजवळ एका तरुण पशुवैद्यक डॉक्टरवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. संताप तिच्या बाजूचा होता, तरी त्या संतापातच तिचे नाव आणि फोटो देशभर फिरले. शेवटी सायबराबादच्या पोलीस आयुक्तांना तिचा उल्लेख ‘दिशा’ असा करा, असे आवाहन करावे लागले. आधार देण्याच्या भरातही आपण एखाद्याचा खासगीपणा तुडवू शकतो, हे त्या आठवड्यात दिसले.

कायदा याबाबत बोटचेपा नाही. डिसेंबर २०१८च्या निपुण सक्सेना निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की लैंगिक अत्याचाराच्या पीडितेचे नावच नव्हे, तर जिच्यावरून दूरान्वयानेही ती ओळखू येईल अशी कोणतीही माहिती छापता येणार नाही. म्हणजे गाव, बापाचा धंदा, कॉलेज, घराचा फोटो, सगळेच आले. पूर्वीच्या दंड संहितेचे कलम २२८-अ आणि आताच्या भारतीय न्याय संहितेचे कलम ७२ यांनुसार पीडितेची ओळख उघड केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुलांसाठी पॉक्सो कायद्याचे कलम २३ आहे. जम्मूतल्या कठुआ इथल्या अत्याचार प्रकरणात मुलीची ओळख उघड केल्याबद्दल दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८मध्ये माध्यमसंस्थांना प्रत्येकी दहा लाख रुपये भरायला लावले.

झाकायचे काय, उघडायचे काय

इथे एक धोका ओळखून ठेवला पाहिजे. खासगीपणाच्या नावाखाली सत्तेला लपायला जागा मिळता कामा नये. ही रेषा सर्वोच्च न्यायालयाने १९९४मध्येच आखली आहे. तामिळ साप्ताहिक ‘नक्कीरन’ला फाशीची शिक्षा झालेल्या ऑटो शंकरचे आत्मचरित्र छापायचे होते आणि बड्या अधिकाऱ्यांची नावे बाहेर येतील म्हणून तुरुंग प्रशासन आडवे आले. न्यायालयाने सांगितले की माणसाचे लग्न, घर, मुलेबाळे यांवर त्याच्या संमतीशिवाय लिहिता येणार नाही. पण अधिकाऱ्याने पदावर बसून केलेल्या कामाला हे संरक्षण नाही आणि सरकारला आधीच लेखन रोखता येणार नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पण वरच्या धोक्यामुळेच २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातले ‘वैयक्तिक माहिती’चे कलम बदलले, तेव्हा पत्रकार आणि कार्यकर्ते अस्वस्थ झाले. सरपंचाच्या कामाचे बिल खासगी ठरले, तर तो हक्क दुबळ्याच्या हातून निसटून बलवानाच्या हाती गेला.

आपल्या हातात

वृत्तपत्राविरुद्ध तक्रार असेल तर आधी संपादकाला लेखी कळवावे. उत्तर मिळाले नाही तर प्रेस कौन्सिलकडे जावे. दैनिक किंवा साप्ताहिक असेल तर छापून आल्यापासून दोन महिन्यांच्या आत. कौन्सिल दंड करू शकत नाही, ताशेरे ओढू शकते, तरी नोंद होते. उघड्यानागड्या खासगी चित्रांबाबत २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी तक्रारीनंतर ठरावीक तासांत ती काढण्याचे बंधन समाजमाध्यमांवर घातले आहे. पीडितेची ओळख फोडणाऱ्यावर थेट पोलिसांत गुन्हा नोंदवता येतो, मग तो दैनिकाचा वार्ताहर असो की गटाचा अ‍ॅडमिन.

सर्वांत मोठे काम मात्र वाचकाचे आहे. भैंशाच्या वार्ताहराला विषयांची वाण नाही. जिनिंगवर कापूस मोजताना होणारी काटामारी, गड्डेन्ना वागूच्या कालव्याचे शेवटच्या शेतापर्यंत न पोचणारे पाणी, दवाखान्यातली रिकामी पदे, या बातम्यांना पुरावा लागतो, हिंमत लागते आणि मागे उभे राहणारा वाचक लागतो. ज्या दिवशी गाव अशा बातमीसाठी पेपर विकत घेईल आणि रडणाऱ्या बाईचा व्हिडिओ पुढे न पाठवता तो टाकणाऱ्याला गटातच सुनावेल, त्या दिवशी बूमची दिशा बदलेल. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही. सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे, चारही भाषांतल्या वाचकांनी हे एकदा ठरवले पाहिजे.