पाटणादेवीची सहल: आधी परतीची वेळ ठरवू

गटाची सहल म्हटली की कोणीतरी समुद्राचं नाव काढतंच. पण जळगाव-धुळ्याहून कोकण एका दिवसात होत नाही. कडे, झरे, जंगल आणि देवीचं दर्शन एकाच दिवशी हवं असेल, तर आपल्याला चाळीसगावपासून सुमारे १८ किलोमीटरवरची पाटणादेवी बरी. हा भाग १९८६ साली जाहीर झालेल्या गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतो. तिथे बिबट्या राहतो, म्हणून अंधाराआधी बाहेर पडायचंच. शिवाय घरी पोचायला रात्र झाली, तर पुढच्या वर्षी चार सुनांना परवानगी मिळत नाही, हे आपण सगळ्या जाणतो.

म्हणून हिशोब उलटा मांडू. गावापासून गाडीला तीन तास लागतात असं धरा. वाटेतल्या थांब्यांचा अर्धा तास. साताला घरी यायचं तर साडेतीनला गाडी हलली पाहिजे. तीस बायका गोळा करायला अर्धा तास, म्हणजे तीनला हाका. सकाळी सहाला निघालो तर साडेनऊला पोचू. हातात राहिले साडेपाच तास. त्यात चंडिकादेवीचं दर्शन, जेवण आणि धबधब्याकडे एक फेरी, एवढंच बसतं. पितळखोऱ्याची लेणी त्याच डोंगरात आहेत, पण जंगलातली ती चढण या दिवसात कोंबू नका. कन्नडच्या बाजूने गाडीरस्ता आहे, त्यासाठी वेगळा दिवस काढू. (हिशोबाची भीती वाटणाऱ्यांनी ऐकावं: भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, या पाटणलाच मठ काढला होता. तिथला शिलालेख १२०७ च्या सुमाराचा आहे.)

नवरात्रात गर्दी फार. दिवाळीनंतर जावं, हिरवळ असते आणि वाटा वाळलेल्या असतात. पावसाळ्यात गेलात तर नाल्यात उतरताना जपा. वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही लोंढा येतो. पाणी गढूळ झालं, पाला-काटक्या वाहत आल्या, की पोरांना उचलून आधी काठावर या. फोटो नंतर.

दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दिवसभर टिकते. माकडांपासून पिशव्या सांभाळा. लघवीला जागा मिळणार नाही म्हणून पाणीच न पिणं, हे मात्र करू नका. चाळीसगावला जाता-येता गाडी थांबवायची, हे चालकाशी आधीच ठरवा. भाड्यात थांबण्याचे पैसे धरलेत का, तेही विचारून घ्या. खर्चाला वेगळी वर्गणी काढा, बचतीला हात नको.

आणि दोघी-दोघींच्या जोड्या लावा. "माझी जोडीदारीण दिसत नाही" असं एकीनेही म्हटलं, तर गाडी हलायची नाही.