मग्दाला : परक्या फौजेने पाडलेला राजा आणि आपण

१९७२ साली दलित पँथर उभी राहिली, तेव्हापासून आपल्या चळवळीने अमेरिकेतील काळ्या माणसाशी नाते जोडले. ते नाते दुःखाचे आणि विद्रोहाचे आहे. परंतु काळ्या माणसांच्या मूळ भूमीशी, आफ्रिकेशी, आपला एक संबंध त्याच्याही शंभर वर्षे आधीचा आहे. आणि तो मिरविण्यासारखा नाही. १८६८ साली ॲबिसिनियाचा, म्हणजे आजच्या इथिओपियाचा, सम्राट दुसरा थिओडोर याला ज्या फौजेने संपविले, ती प्रामुख्याने मुंबई इलाख्याची फौज होती.

आमच्या नगर जिल्ह्याला हा देश परका नाही. याच देशातून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला आणि १६२६ मध्ये मरेपर्यंत मोगलांशी झुंजला. आपण ज्याला ‘हबशी’ म्हणतो, तो हबशाणचा, ॲबिसिनियाचाच माणूस. श्रीरामपुरात वर्गावर मलिक अंबर शिकविता येतो; मग्दाला मात्र अभ्यासक्रमात सापडत नाही. म्हणून ही हकिकत येथे मांडतो.

थिओडोर साधुपुरुष नव्हता. विस्कळीत देश त्याने तलवारीच्या बळावर एकत्र केला आणि पुढे त्याच तलवारीने आपल्या प्रजेला कापले. १८६२ मध्ये त्याने व्हिक्टोरिया राणीला मैत्रीचे पत्र लिहिले. उत्तर आले नाही. अपमानाने चिडून त्याने ब्रिटिश वकील कॅमेरॉन आणि इतर युरोपियनांना कैद केले. त्यांची सुटका हे मोहिमेचे जाहीर कारण होते.

मुंबईच्या सैन्याचा सेनापती रॉबर्ट नेपियर याच्याकडे मोहीम सोपविण्यात आली. सुमारे १३,००० सैनिक होते. त्यांत गोरे सुमारे ४,००० आणि बाकीचे हिंदी. त्यांच्यामागे सैनिकांच्या दुपटीइतके हमाल, खलाशी, जनावरे हाकणारे. शिवाय ४४ हत्ती. तांबड्या समुद्रावर झुला येथे धक्के बांधले, काही मैल रेल्वे टाकली आणि सुमारे ४०० मैल डोंगर तुडवून फौज मग्दाला किल्ल्याखाली पोचली. वाटेत तिला अडविणारे कोणी नव्हते, कारण राजाने आपल्याच लोकांना शत्रू करून ठेवले होते. तिग्रेचा सरदार कासाई याने वाट दिली, बदल्यात बंदुका मिळविल्या आणि १८७२ मध्ये तो स्वतः सम्राट झाला.

१० एप्रिलच्या लढाईत सुमारे ७०० हबशी पडले; इंग्रजांकडील मृत्यू अवघे दोन. त्यानंतर थिओडोरने युरोपियन कैदी सोडून दिले. जाहीर कारण तेथेच संपले. तरीही १३ एप्रिलला किल्ल्यावर हल्ला झाला. राणीने भेट दिलेल्या पिस्तुलानेच राजाने आत्महत्या केली. किल्ला लुटला, जाळला. लूट वाहून नेण्यासाठी १५ हत्ती लागले. शेकडो हस्तलिखिते लंडनला गेली. राजाचा सात वर्षांचा पोरका मुलगा अलेमायेहू इंग्लंडला नेला; तो १८७९ मध्ये अठराव्या वर्षी तेथेच वारला. विंडसर येथील त्याचे अवशेष परत देण्यास राजवाड्याने २०२३ मध्येही नकार दिला.

आणि खर्च? तो सुमारे ९० लाख पौंडांवर गेला. हिंदी सैनिकांचा नेहमीचा पगार हिंदुस्थानच्या तिजोरीवरच ठेवला. दादाभाई नौरोजी यांनी १८६७ मध्येच लंडनमध्ये त्याविरुद्ध आवाज उठविला होता.

आता आपला प्रश्न. मुंबईच्या सैन्यात त्या काळी महारांना भरती खुली होती. तेव्हा मग्दालाकडे चाललेल्या रांगांत आपली माणसे असणार, असेच मानावे लागते. त्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. गावकीने ज्यांना माणूस मानले नाही, त्यांना पलटणीने भाकरी दिली, अंगावर गणवेश दिला, पलटणीच्या शाळेने अक्षर दिले. सुभेदार रामजी सकपाळ अशाच शाळेत शिक्षक होते. कोरेगावच्या रणात पेशवाईचा अपमान समोर उभा होता. पण हबशाणच्या शेतकऱ्याने आपले काय बिघडविले होते?

या निष्ठेचे फळ काय मिळाले, तेही पाहावे. पाव शतकही लोटले नाही तोच, १८९२-९३ च्या सुमारास, ‘लढाऊ जाती’चा सिद्धांत पुढे करून त्याच सरकारने महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज तयार केला, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये विनंती केली. महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. गरज सरताच मोडली. महार रेजिमेंट उभी राहण्यास १९४१ साल उजाडावे लागले. दुसऱ्याच्या हातातले हत्यार होऊन मिळालेला मान देणाराच परत घेतो. हक्क म्हणून मिळविलेला मान असा परत घेता येत नाही.

२०११ मध्ये लिबियात नाटोची विमाने गेली तीही नागरिकांच्या रक्षणाच्या नावाने. गद्दाफी मारला गेला. देश मात्र यादवीत फाटला. जुलमी राजा पडावाच. पण त्याला पाडण्याचा अधिकार त्याचा जुलूम सोसणाऱ्यांचा आहे. परका येतो तो आपले कारण घेऊन येतो आणि जाताना आपला हिशेब चुकता करून जातो. मागे उरलेल्यांचे काय, हा प्रश्न त्याच्या वहीत नसतो.

गुलामीची जाणीव ज्याला झाली, त्याने दुसऱ्याच्या पायातली बेडीही ओळखली पाहिजे. आफ्रिकेशी बंधुत्वाची भाषा आपण बोलतो. त्या बंधुत्वाच्या इतिहासात मग्दालाचे पानही वाचले पाहिजे.