आईचे उपासना संगीत

नगरला आमच्या वाड्यात कुणी आजारी पडले, की बिऱ्हाडकरू डॉक्टरला बोलावणे धाडीत. आम्हीही धाडीत असू; परंतु डॉक्टर येईपर्यंत आई कोनाड्यातली पेटी खाली काढून गायला बसे. लहानपणी मला याची फार लाज वाटे. घरात ताप फणफणलेला आणि भजन रंगात आलेले! येणाऱ्याजाणाऱ्याला वाटे, यांच्याकडे काही मंगलकार्यच निघाले आहे. (नगरचे अधिकृत नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे, पण माझ्या जिभेचे वळण जुने, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.)

आम्ही मराठी ख्रिस्ती. आमच्या देवळात विलायती चालीही म्हणतात. पण आईची खरी भिस्त होती ती रेव्हरंड ना. वा. टिळकांवर. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा, मृत्यू १९१९ चा. मधल्या चोवीस वर्षांत त्यांनी मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी अभंग आणि ओवी दिली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते सांगत. म्हणूनच की काय, आमच्याकडची प्रार्थना ऐकून समोरच्या खोलीतल्या माळकरी आजी आपोआप टाळी धरीत. ही गाणी ज्यात आहेत ते ‘उपासना संगीत’ आईच्या हाताशी सदैव असे. त्याची शिवण दोनदा उसवली आणि दोनदा तिने ती गोधडीच्या दोऱ्याने शिवली.

पुढे मी मराठीचा प्राध्यापक झालो. वर्गात ‘स्मृतिचित्रे’ शिकवू लागलो. पतीने धर्म बदलला म्हणून जगच कोसळलेल्या लक्ष्मीबाई, मग १९०० साली त्यांनी स्वतः घेतलेला बाप्तिस्मा, हे सारे मी मोठ्या रसाळपणे सांगत असे. पण ते माझ्या लेखी वाङ्मय होते. रविवारी देवळात जायचो तो शेवटच्या बाकावर; गाण्याच्या वेळी ओठ हलवायचे आणि प्रवचनाच्या वेळी उत्तरपत्रिकांचा हिशेब करायचा.

संकटात उपासना म्हणजे डोळे मिटून ‘सारे छान आहे’ म्हणणे, असा एक समज आहे. माझाही होता. वास्तविक बायबलातली स्तोत्रसंहिता उघडून पाहावी. दीडशे स्तोत्रांपैकी तिसरा हिस्सा तरी शुद्ध गाऱ्हाणे आहे: देवा, कुठे लपलास, आणखी किती दिवस, माझे शत्रू हसताहेत! एखाद्या कारकुनाने साहेबापुढे इतके तोंड टाकले असते, तर त्याची नोकरी राहिली नसती. वधस्तंभावर येशूच्या तोंडी आला तो बाविसाव्या स्तोत्राचा आरंभ, आणि तोही प्रश्नच आहे. ईयोबाचे तर सर्व मुलगे आणि मुली एका दिवशी गेल्या. त्याने अंगावरचा झगा फाडला, डोके मुंडले आणि मग भुईवर पडून देवाला भजले. आधी झगा फाडला, हे आपण विसरतो. पौल आणि सीला यांना फिलिप्पैच्या तुरुंगात छड्यांनी फोडून, पाय खोड्यात अडकवून टाकले होते. ते मध्यरात्री गाऊ लागले. लूकने तिथे एक बारीकशी नोंद केली आहे, की बाकीचे कैदी ऐकत होते.

आपल्याकडेच पाहायचे तर पंडिता रमाबाई. आईवडील आणि बहीण दुष्काळात गेली, लग्नानंतर दोनच वर्षांनी नवरा गेला आणि १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. त्यानंतर बाई स्वतः वर्षभरही जगल्या नाहीत. तरी केडगावला हिब्रू आणि ग्रीकवरून चाललेले बायबलचे भाषांतर त्यांनी हातावेगळे केले. ही उपासना नव्हे, असे कोण म्हणेल?

आता माझी गोष्ट. एप्रिल २०२१. करोनाची दुसरी लाट. मी पुण्यात अडकलेला, आई नगरच्या एका रुग्णालयात, वय शहात्तर, नाकातोंडावर प्राणवायूचा मुखवटा. भेटीला बंदी. त्या रात्री मी देवाशी चक्क सौदा केला: आईला घरी धाड, मी दर रविवारी पहिल्या बाकावर बसेन. वांद्र्याच्या मोत माउलीला मेणाचे हातपाय वाहणाऱ्यांना आम्ही प्रॉटेस्टंट मंडळी नाके मुरडतो. पण त्यांचा नवस निदान मेणाचा तरी असतो. माझा नुसता वाऱ्यावरचा होता.

नवव्या दिवशी एका परिचारिकेने कृपा केली. आईच्या तोंडासमोर तिने आपला मोबाइल धरला. मी धीराची दहा वाक्ये पाठ करून ठेवली होती. आईने ती ऐकली की नाही, कोण जाणे. चादरीवर तिच्या उजव्या हाताची दोन बोटे मात्र हलू लागली. मला आधी वाटले, तिला काही टोचते आहे. मग ध्यानात आले, की ती ठेका धरते आहे.

मी गायलो. माझा आवाज म्हणजे गिरणीचा पट्टा. पहिले कडवे कसेबसे म्हटले आणि दुसरे आठवेना. वीस वर्षे काव्य शिकवणारा मी, एकच कडवे पाच वेळा म्हणत राहिलो. पलीकडच्या खाटेवरून कुणीतरी “ताई, आवाज जरा मोठा करा,” असे म्हणाले, ते मला स्पष्ट ऐकू आले. आई बाराव्या दिवशी गेली.

दफनाला आम्ही मोजके लोक होतो, पाळकसाहेब नखशिखांत झाकलेले, सगळे दहा मिनिटांत उरकले. कुणी गायले नाही. त्यानंतर मी देवाशी बोलणे टाकले. खरे सांगायचे तर सौदा मोडल्याचा राग होता, आणि असल्या सौद्यावर राग धरतो याची शरमही होती.

७ ऑक्टोबर २०२१ रोजी, घटस्थापनेला, राज्यातली प्रार्थनास्थळे पुन्हा उघडली. पुढच्या रविवारी धाकट्या बहिणीने मला नगरला जवळजवळ ओढतच देवळात नेले. एकेका बाकावर दोनदोन माणसे, साऱ्यांच्या तोंडाला मुसकी. माझ्या बाकावर एक निवृत्त गुरुजी होते. त्या उन्हाळ्यात त्यांची पत्नी आणि थोरला मुलगा दोघे गेले होते. गाणे सुरू झाले. गुरुजी मुसक्याआडून भलत्याच पट्टीत, पण एकही शब्द न गाळता गात होते. मी गायलो नाही. उभा मात्र राहिलो. ज्या दिवशी आपल्याला गाता येत नाही, त्या दिवशी शेजारचा आपल्या वाटचेही गातो, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

त्या दुपारी आईचे पुस्तक चाळले. समासात पेन्सिलीने बारीक तारखा होत्या. एका गीताशी १९७२, तो दुष्काळ. एकाशी माझ्या गोवराचा आठवडा. एकाशी २००३, बाबा गेले ते वर्ष. त्या पानाला थेंब पडून कागद फुगलेला. मी पाच वेळा आळवले ते गीतही सापडले. त्याच्याशी तारीख नव्हती, नुसत्या आडव्या रेघा होत्या. मी चौतीसपर्यंत मोजल्या.

दुसरे कडवे मला आता येते. पेटी मात्र दुरुस्तीला टाकली आहे. मधल्या सप्तकातले दोन स्वर उठत नाहीत, आणि कारागीर म्हणतो, नाताळाच्या आत होईल असे सांगत नाही.